पूछताछवाल्या बाई

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना सगळे 'पूछताछवाली बाई' म्हणत आणि म्हणताना कानाजवळ एक बोट गोल फिरवत. मीही फिरवलं आहे. कुठं आणि कोणासमोर, ते पुढं सांगतो. तेव्हापासून कोणी तसं बोट फिरवताना दिसलं की मला त्याचा राग येतो, आणि त्याच्याआधी स्वतःचा येतो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी मूळचा पांढुर्ण्याचा, नोकरीला भोपाळात. राज्य वेगळं झालं तशा कर्मचाऱ्यांच्या याद्या लागल्या आणि माझं नाव छत्तीसगडच्या यादीत निघालं. मला कोणी विचारलं नव्हतं. बायको आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन मी रायपुरात उतरलो तेव्हा आमचं संचालनालय म्हणजे एका जुन्या बंगल्यातल्या चार खोल्या होत्या. भोपाळहून आलेल्या फायली चादरींत बांधलेल्या होत्या, त्या तशाच गाठोड्यांत पडून होत्या. खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. साहेबांच्या गाडीवर लाल दिवा मात्र पहिल्याच आठवड्यात लागला.

भाड्यानं घर पाहायला गेलो तर मालकीणबाईंनी दार उघडून, आत या म्हणायच्या आधी, खणखणीत आवाजात घराचे दोष सांगितले. "पावसात उत्तरेची भिंत ओलते. उन्हाळ्यात वरच्या नळाले पाणी चढत नाही. मागच्या गल्लीत डुकरं आहेत. शेजारचे गुरुजी हार्मोनियम शिकून राहिले, दोन वर्षांपासून एकच भजन. आता घ्याचं असंल तं घ्या."

बायको हसली आणि आम्ही घर घेतलं. प्रत्येक शब्द खरा निघाला.

बाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सारी हयात त्यांनी रेल्वेत चौकशीच्या खिडकीत काढली होती, आणि तिथल्याच माइकवर गाड्यांची घोषणा करण्यात. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, घोषणा सुटली नाही. सकाळी खालून आवाज यायचा, "दूधवाला आया है. कृपया पतीला लेकर नीचे आएँ." मग तेच मराठीत, "दूधवाला आला आहे. कृपया पातेलं घेऊन खाली यावं." इंग्रजीचं विचारलं तर म्हणायच्या, "इंग्रजीवाले आपलं आपलं पाहून घेतील."

नळ आला नाही की त्या पाण्याच्या ऑफिसला फोन लावून कारण विचारत. पलीकडच्यानं फोन ठेवला तर परत लावत. चौथ्यांदा-पाचव्यांदा तो बिचारा सांगूनच टाकायचा. मग ओट्यावर उभं राहून साऱ्या पाऱ्याला, "नल आज शाम को नहीं आएगा. कारण, टंकी के पास का पाइप फूटा है." लोक हसायचे, बोट फिरवायचे आणि बादल्या घेऊन हातपंपाकडे निघायचे.

एकदा आमच्याच ओळखीतल्या एका लग्नात मंडप भुकेनं कासावीस झाला होता. पंगत दोन तास लांबलेली आणि कोणी काही बोलेना. बाई उठल्या, वाजंत्रीवाल्याचा माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "सर्व पाहुण्यांना सूचना. जेवणाले उशीर होऊन राहिला आहे. कारण, नवरदेवाचे मामा रुसले आहेत. त्यांले सफारीचं कापड पाहिजे होतं, टॉवेल-टोपी आली." मामा पाचव्या मिनिटाला पंगतीत येऊन बसले. बाईंना मात्र त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही. बायकोनं एकदा त्यांना विचारलं, बाई, कशाला हो असं करता? त्या म्हणाल्या, "पोरी, खिडकीत बसून पाह्य एकदा. माणूस उशीर सहन करते. काहून उशीर, ते नाही सांगितलं तं ते सहन नाही होत त्याले. त्याले वाटते, आपण माणसातच नाही."

मला त्यांची लाज वाटायची. हे लिहायला हवं. त्या दिवसांत रायपूरचे चौक घडीघडी अडवले जायचे. कोणी मंत्री, कोणी सचिव, कोणी त्यांचे पाहुणे. शिट्टी वाजली की सायकलरिक्षा, गायी, शाळेची पोरं, सगळे जागच्या जागी. एका संध्याकाळी गोल बाजाराजवळ असाच रस्ता अडला होता. पुढच्या रिक्षातून बाई उतरल्या, शिपायाजवळ गेल्या, काहीतरी विचारलं आणि मागं वळून रिक्षांच्या रांगेला सांगू लागल्या, कोणाची गाडी यायची आहे आणि ती अजून कुठं आहे. मी स्कूटरवर होतो. त्यांनी पाहू नये म्हणून स्कूटर वळवली आणि उलट्या गल्लीनं घरी आलो.

दर हिवाळ्यात बाई एक जुनं गाव पाहायच्या. "साऱ्या दुनियेले गाड्या सांगितल्या, अन मी कुठंच गेले नाही," असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी सिरपूर ठरलं आणि आम्हालाही सोबत घेतलं. जानेवारीतला रविवार. भनपुरीहून जीप मागवली. बायकोनं पोळ्या, वांग्याची सुकी भाजी आणि ठेचा बांधून घेतला. तेलीबांध्याला तळ्याकाठी चहा झाला, आरंग मागं पडलं, महानदीचा लांबलचक पूल आला. बाई खिडकीला चिकटून बसल्या होत्या. नदीच्या वाळूत टरबुजांचे वेल लावलेले होते, ते त्यांनी माझ्या मुलीला दाखवले. मुलगी त्यांना आजी म्हणायची आणि त्यांच्याशी हिंदीत बोलायची. बाई मराठीत बोलायच्या. दोघींना त्यात काही अडचण नव्हती.

सिरपूरचं ते विटांचं लक्ष्मण मंदिर तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीचं. भोवती कुंपण, आत हिरवळ. आम्ही फाटकाशी पोचलो आणि समोरच एका शिपायानं साखळी ओढून कुलूप लावलं.

"थोडा रुकिए," तो म्हणाला.

"काहून?" बाईंनी विचारलं.

"बस, आधा घंटा."

"कितनी देर नहीं पूछा भैया. क्यों, ये पूछा."

तो दुसरीकडे पाहू लागला. मंदिराचा चौकीदार बाजूला मान खाली घालून उभा होता. फाटकाशी हळूहळू पन्नासेक माणसं जमली. आसपासच्या खेड्यातल्या सात-आठ म्हाताऱ्या होत्या, अनवाणी, डोक्यावर पदर. नदीकाठच्या महादेवाला पाणी घालून त्या हे मंदिर पाहायला आल्या होत्या. त्यांची परतीची बस दोनला होती, आणि त्यानंतर बस नव्हती. त्यातली एक सारखी विचारत होती, "काबर बंद हे, बेटी?" काबर म्हणजे आपलं काहून. कोणी तिला उत्तर दिलं नाही.

अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन होत आले. फाटकाच्या गजांतून आतलं सगळं दिसत होतं. हिरवळीवर सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर. गरम डबे उघडलेले. दहा-बारा माणसं जेवत होती. दोन मुलं मंदिराच्या भिंतीवर चेंडू मारत होती, टप्प, टप्प, आणि त्या विटांवर एवढं नाजूक कोरीवकाम की हात लावायची भीती वाटावी. हातात जग घेऊन पाणी वाढणारा माणूस वळला आणि मी त्याला ओळखलं. तो आमच्या साहेबांचा पी.ए. होता. आत जेवत होते ते आमच्या साहेबांचे सासरचे.

मी जीपच्या आडोशाला सरकलो.

एक वाजून गेला होता. ती म्हातारी जमिनीवर बसली होती, पुन्हा तेच विचारत होती. बाईंनी चौकीदाराला बाजूला घेऊन आत कोण आहे ते विचारून घेतलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, फाटकाच्या बाजूच्या दगडी ओट्यावर चढल्या, पदर खोचला. नोकरीतला तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा पुरता ऐकला. त्यांना माइक लागतच नव्हता.

"कृपया ध्यान दीजिए. लक्ष्मण मंदिर देखने आए सभी यात्रियों को सूचित किया जाता है कि मंदिर सुबह ग्यारह बजकर दस मिनट से बंद है. बंद रहने का कारण, रायपुर के एक साहब के घर के लोग अंदर भोजन कर रहे हैं. अभी पूड़ी चल रही है. मीठा बाकी है. मंदिर कब खुलेगा, इसकी कोई सूचना नहीं है. आपको हो रही असुविधा का किसी को खेद नहीं है."

आणि मग शांतपणे सगळं पुन्हा मराठीत. तिथं मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो.

आधी हशा झाला. म्हातारीनं आपल्या सोबतणींना समजावलं, "साहेब मन खावत हें, तेखर सेती बंद हे." म्हणजे साहेब लोक जेवताहेत, म्हणून बंद. सगळ्या म्हणाल्या, "हव." तो 'हव' माझ्या अजून कानात आहे. त्यात राग नव्हता. इतकंच, की आता कळलं. पण कळल्यावर माणसं उठून उभी राहिली, गजांना धरून आत पाहू लागली. आतली मंडळी घास हातात धरून थांबली. चेंडूचा आवाजही थांबला.

पी.ए. हात पुसत फाटकाशी आला. "कौन है ये औरत?" आणि तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. "अरे, आप? आप यहाँ? ये माताजी आपके साथ हैं?"

मी म्हणालो, "नहीं सर. हम लोग तो अलग आए हैं."

माझी मुलगी माझ्या बोटाला धरून होती. ती मान वर करून म्हणाली, "पापा, आजी तो अपने साथ है ना?"

पी.ए.नं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाई ओट्यावर, माझ्यापासून चार हातांवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बायकोनं पाहिलं.

शिपाई म्हणाला, "चलिए माताजी, चौकी चलिए."

"कारण?"

"शासकीय कार्य में बाधा."

"कौन सा शासकीय कार्य? पूड़ी?"

त्यांना पोलिसांच्या जीपमध्ये चढवलं. ओढलं नाही, पण दोन्ही दंडांना धरलं होतं. साठी उलटलेल्या बाईच्या दंडांना. मी उभा होतो. बायको पुढं झाली, जेवणाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पोट्टीले खाऊ घाला. मी जाऊन येते." आणि पोलिसांच्या जीपमध्ये बाईंच्या शेजारी जाऊन बसली. माझी बायको, जी रायपुरात एकटी भाजीलाही जायला घाबरायची.

दोन वाजता त्या म्हाताऱ्या बसकडे निघून गेल्या. मंदिर न पाहता. अडीचला साहेबांच्या सासरच्यांची गाडी धूळ उडवत गेली आणि फाटक उघडलं. जमिनीवर ज्या जागी म्हातारी बसली होती तिथं तिच्या ओच्यातून सांडलेली चार फुलं होती. त्या बाया पुन्हा कधी आल्या असतील का, मला ठाऊक नाही. हे आठवलं की आजही माझ्या कानशिलं तापतात. कोणाच्या बापाचं होतं ते मंदिर?

साडेतीनला दोघी परत आल्या. चौकीतल्या हवालदाराला काय लिहावं ते सुचेना. बाईच त्याला म्हणाल्या, लिहा, 'कारण पूछा'. त्यानं कागद फाडला, चहा पाजला आणि सोडून दिलं. मला वाटलं, आता बाई घरी चला म्हणतील. त्या म्हणाल्या, "सूर्यास्तापर्यंत उघडं असते. चला, पाहून घेऊ." आणि सूर्य मावळेपर्यंत त्यांनी ते मंदिर पाहिलं. दाराची चौकट, खिडक्यांची नक्षी, एकेक वीट. मुलीला उचलून वरची कोरीव माणसं दाखवली. मी मान वर केली नाही.

रात्री घरी पोचलो. मला वाटलं विषय संपला.

बाईंनी तक्रार लिहिली. स्वतःच्या अक्षरात, तीन पानं, वेळांसकट, सरकारातल्या सगळ्यात वरच्या माणसाच्या नावानं. तो कागद वरून खाली, टेबलावरून टेबलावर घसरत दोन महिन्यांनी आमच्या संचालनालयात आला. शेरा होता, 'आवश्यक कार्यवाही हेतु'. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडं उत्तरासाठी! आणि आवक-जावक तेव्हा माझ्याकडं होती.

पी.ए.नं बोलावलं. खुर्ची दिली, जी तो कधी देत नसे. "उत्तर बना दीजिए. उक्त दिनांक को स्मारक आम जनता के लिए खुला था." मग जरा वाकून, "आपके मोहल्ले की है ना? कैसी है बुढ़िया?"

मी कानाजवळ बोट गोल फिरवलं.

तो हसला. "बस, ये भी जोड़ दीजिए."

मी जोडलं. 'मोहल्लेवासियों के अनुसार शिकायतकर्ता की मानसिक स्थिति सामान्य नहीं है.' माझी हिंदी चांगली आहे. एकाच कच्च्या मसुद्यात उत्तर पास झालं.

आठ-दहा दिवसांनी बाई जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. हातात सरकारी लिफाफा. बायको पोळ्या लाटत होती. बाई खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऑफिसातले. एक समजवून द्या. मोहल्लेवासी म्हणजे कोण? मी काल-परवा साऱ्या पाऱ्यात घरोघरी विचारलं. कोणीच विचारायले आलं नव्हतं म्हणते. गुरुजींले विचारलं, दूधवाल्याले विचारलं. मग हे कोणी सांगितलं असंल?"

मी खोटं बोलू शकलो असतो. सवय झालीच होती. पण त्या घरोघर फिरल्या होत्या. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी विचारलं असणार, 'मी येडी आहे असं तुम्ही सांगितलं का?' हे डोळ्यांसमोर आलं.

"मी," मी म्हणालो. "मीच सांगितलं. अन उत्तरही मीच लिहिलं."

लाटण्याचा आवाज थांबला. बाईंनी कागदाची घडी केली, लिफाफ्यात घातली.

"फाटकावर तुम्ही 'अलग आए हैं' म्हणाले," त्या म्हणाल्या, "ते मी ऐकलं होतं. मनात नाही ठेवलं. समोर वर्दी असली, साहेब असला की माणूस घाबरते. पण हे तं तुम्ही खुर्चीत बसून लिहिलं ना? पंखा चालू असंल. चहा आला असंल."

"आला होता," मी म्हणालो.

त्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून खालून आवाज बंद झाला. दूधवाला येऊन जायचा, आम्हाला कळायचं नाही. नळ यायचा, जायचा. पाऱ्यातले लोक मलाच विचारू लागले, "भैया, माताजी की तबीयत ठीक है ना?" बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची. मुलगी खाली जाऊन आजीजवळ बसायची आणि वर येऊन काही सांगायची नाही. चार दिवस मी त्या शांततेत काढले. मला बाईंचा राग यायला लागला, की एकदा शिव्या तरी द्या. पाचव्या दिवशी कचेरीतून आलो आणि लिहायला बसलो. मी अमुक, अमुक संचालनालयात लिपिक, त्या दिवशी सहकुटुंब तिथं हजर होतो. मंदिर सकाळी अकरापासून बंद होतं. आत कोण होतं, ते मी पाहिलं. कार्यालयानं पाठवलेलं उत्तर खोटं आहे आणि ते मी लिहिलं आहे. तक्रार करणाऱ्या बाईंची मानसिक स्थिती माझ्यापेक्षा चांगली आहे.

कागद बायकोला दाखवला. तिनं वाचला आणि शेवटी साक्षीदार म्हणून आपली सही केली. मग बाईंकडे नेला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"अकरा नाही," त्या म्हणाल्या. "अकरा दहा."

मी दुरुस्ती केली आणि बाईंची तक्रार जिथं गेली होती त्याच पत्त्यावर कागद पाठवला.

पुढं काय झालं? साहेबांचं काही झालं नाही. त्यांची बढती झाली. माझी पंधरा दिवसांत बदली झाली, अंबिकापूरला, 'प्रशासनिक कारणों से'. मी तो कागद खाली नेऊन बाईंसमोर टाकला. त्यांनी तो वाचला, उलटून मागं काही आहे का पाहिलं आणि म्हणाल्या, "अंबिकापूर? तिकडचं माझं काहीच पाहून झालं नाही."

मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांच्या एका पुरीच्या घोषणेपायी माझं घर उठलं, मुलीची शाळा गेली, असं काय काय बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. बायको जिन्यात उभी होती, ती हसत होती. सिरपूरनंतर पहिल्यांदा हसत होती.

बाई खरंच आल्या अंबिकापूरला, दोनदा. डोंगरातली लेणी पाहिली, कुठली कुठली पडकी देवळं पाहिली.

चार वर्षांनी मला रायपूर परत मिळालं. संचालनालय मोठ्या इमारतीत गेलं होतं, चादरींतल्या फायली कपाटांत गेल्या होत्या. बाई दवाखान्यात होत्या. पोटाचं दुखणं. बिलासपूरहून त्यांचा भाचा येऊन राहिला होता, चांगला माणूस, रात्रंदिवस करत होता. त्यानं मला व्हरांड्यातच थांबवून सांगितलं की डॉक्टरांनी महिना-दोन महिने दिले आहेत, पण मावशीला कोणी काही सांगायचं नाही असं ठरलं आहे. सगळे अल्सर म्हणत आहेत. तुम्हीही अल्सर म्हणा.

मी आत गेलो. बाई खाटेवर अर्ध्याच उरल्या होत्या. नर्स आली, हसून म्हणाली, "माताजी तो एकदम ठीक हैं!" आणि गेली. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज बसला होता, मला वाकावं लागलं.

"भाऊ, इथं कोणी काही सांगत नाही. मले काय झालं आहे?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, डॉक्टर किती दिवस म्हणाले ते सांगितलं, औषधानं काय होईल आणि काय होणार नाही, जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सगळं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं, महिना की दोन महिने ते नीट विचारायला. मग डोळे मिटले आणि माझा हात धरून बराच वेळ पडून राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. मी पाहत होतो. "बरं," त्या म्हणाल्या. "मग घरी न्या मले."

बाहेर आलो तर भाच्यानं मला भिंतीशी गाठलं. तो रडत होता. "आपको किसने कहा था बताने को? किस हक़ से बताया आपने?"

मी म्हणालो, "उन्होंने पूछा था."